याडीच्या हातची शिवण

शारजा, १९ नोव्हेंबर २०२३

भिया उत्तमसिंग,

राम राम. मी तुहा लहान भाऊ जीवन. नाव लिहायची गरज नव्हती, पण पियुष म्हणे जेलात जाणारं पत्र आधी साहेब लोक वाचतात, म्हणून कोणाचं कोणाले ते वरतंच लिही. तर साहेब, हे लहान्या भावाचं मोठ्या भावाले पत्र हाय. यात लपवलेलं काही नाही.

भिया, तुहा मोबाईल त्यायनं जप्त केला म्हणते. मी तरी रोज लावून पाह्यतो. फोन उचलला की तू आधी खाकरत होता न, अन् मंग 'बोल' म्हणत होता. ते खाकरणं आयकाले कान लावून बसतो अन् ती रेकॉर्डवाली बाई बोलते.

त्या दिवशी मी इथल्या विमानतळावर दोन घंटे आधीच येऊन उभा होतो. खोलीतला खालचा पलंग तुह्यासाठी झाडून ठेवला होता. कोल्ड स्टोरेजच्या मुकादमाले सांगून ठेवलं होतं, माहा भाऊ येऊन राह्यला, एका हातानं गोणी पाठीवर घेते. लोकं निघत गेले. मंग आपला दिग्रसचा पियुष निघाला, सुट्टीवरून परत येणारा, ज्याच्या भरवशावर तुले पहिल्यांदा विमानात बसवणार होतो. एकटाच. म्हटलं, "भिया कुठी हाय?" तर तो माह्या चपलांकडे पाहून राह्यला.

नागपूरच्या विमानतळावर काय झालं, तू होताच तिथं, तुलेच काय सांगतो. पण पियुषनं सांगतलं तेव्हापासून माह्या डोक्यात तेच फिरून राह्यलं. याडीनं शिवलेली गाठोडी (साहेब, याडी म्हणजे आमची माय) तू पोटाशी धरली होती. मशीनीवर ठेवायलेही तयार नव्हता. ठेवली, तर पट्टा थांबला अन् कस्टमचे साहेब आले.

"इसमें क्या है?"

"माहीत नाही साहेब."

"किसका है?"

"पोचवायचं सामान हाय."

"किसने दिया? किसको देना है?"

तू गाठोडी परत पोटाशी ओढली.

"खोलो."

अन् तू म्हणला, "शिवण मी उसवत नाही साहेब. ज्याच्या नावाची हाय तोच उसवते."

पियुष म्हणे, साहेब हासले. एकजण म्हणे, हा तर पक्का खिलाडी निघाला. ब्लेडनं कापली तेव्हा आतून याडीच्या बलिया निघाल्या, दोन्ही हाताच्या, मनगटापासून दंडापर्यंतच्या. साहेबानं त्यातली एक उजेडापाशी नेली, बारीक रेषा पाह्यल्या अन् त्यायचं हासणं थांबलं. हत्तीदंत. देशाबाहेर न्यायले बंदी, घरात ठेवायलेही कागद लागते.

आपण तर त्यायले हाडाच्या बलिया म्हणत होतो. कोणाले माहीत होतं?

तू लेखी देल्लं म्हणते, 'माल माहा हाय.' एवढंच. दुसरं नाव तुह्या तोंडातून निघालंच नाही. गाठोडी कोणासाठी होती हे तुले माहीत हाय, मले माहीत हाय. इथं लिहत नाही. तू घरी आल्यावर लिहतो.

जेवत जाय. थंडी पडली असेल.

तुहा
जीवन


शारजा, ७ जानेवारी २०२४

भिया,

तू घरी आला. आता मोकळं लिहतो, म्हणजे जेवढं लिहता येते तेवढं.

पुष्पा भाभीनं फोनवर सांगतलं की जामीन झाला, पासपोर्ट कोर्टात जमा हाय, अन् दर तारखेले नागपूरले जा लागते. म्हटलं, "भियाले फोन दे." भाभी म्हणे, "ते वावरात गेले."

अन् तिच्या मागून तू खाकरला.

मी आयकलं हे भाभीलेही समजलं. मंग ती म्हणे, "जीवनभाऊ, नवरदेवाची वरात निघाच्या आधी त्याचा भाऊ जेलात जाऊन आला. असं लगन आपल्या तांड्यात पह्यलंच."

मी हासलो. कायले हासलो काय माहीत. फोन ठेवल्यावर पियुष म्हणे, "काहून बे, डोळ्यात काय गेलं?" म्हटलं, मिरचीच्या पेट्या उतरवल्या आज. त्या दिवशी आम्ही मच्छी उतरवली होती.

तुहा राग मले मान्य हाय. पण माहंही आयक. बा गेला त्या दिवशी बायांनी याडीच्या हातातल्या बलिया काढल्या, आठवते न तुले? त्यायच्या खाली तिची चामडी अशी पांढरी निघाली होती, जसं काही दुसऱ्याच बाईचे हात आणून लावले. त्या बलिया तिनं जुन्या फेटियाच्या, तिच्या घागऱ्याच्या, तुकड्यात गुंडाळून कोठीत ठेवल्या. कोणासाठी? सुनेसाठीच न. भाभीनं तर लग्नातच सांगतलं होतं, एवढं वजन घालून मी कापूस वेचू काय. राह्यलो मी. म्हणून मी याडीले फोनवर म्हटलं, "याडी, इथं एक पोरगी पाह्यली. आपल्यातलीच हाय. तिच्यासाठी तुह्या बलिया पाठवशील?"

याडी आधी रडली. मंग विचारलं, "भाकर थापता येते?"

"येते."

"गोल?"

"गोल."

"मंग काहून नाही पाठवणार!"

पाच दिवस लावले म्हणते तिनं ती गाठोडी शिवाले. चारी कोपऱ्यात आरसे लावले. पाठवायचं सामान अन् त्याले आरसे! विमानात कोण पाहणार होतं?

अन् तू. तू एक डाव बोट घालून पाह्यलं असतं तर? मले माहीत हाय तू काय म्हणशील. आपला पणजोबा देवसिंग बैलावर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरे, अन् तांड्यातल्या कोणी वाटेत गोणीची शिवण उसवली तर नायक त्याचे बैल काढून घे. बा हेच सांगत होता, जेवता जेवता, झोपता झोपता. शिवणारा एक, उसवणारा एक, मधातल्यानं फक्त चालायचं. पण भिया, ते दिवस गेले. आता मधातल्याले विचारतात, काय हाय म्हणून. अन् माहीत नाही म्हटलं की तोच चोर.

मी तर लहानपणीही तुह्यासारखा नव्हतो. जमनी आत्याकडे बोरीले चाललो होतो आपण पायी, याडीनं शेंगदाण्याचे लाडू बांधून देल्ले होते. अडाण नदीच्या काठावर मी शिवण उसवली अन् तीन लाडू खाल्ले. तू बाभळीच्या काट्यानं परत शिवली. आत्यानं पाह्यलं, बाले सांगतलं, अन् तू म्हणला, "माह्याजवळ होती गाठोडी." दोन झापडा खाल्ल्या तू. मी तुह्या मागं लपून दात साफ करत होतो.

भाभी म्हणे, वकील तुले एकच गोष्ट विचारून राह्यला, माल कोणाले द्यायचा होता ते सांग, केस हलकी होईल. नाही सांगतलं तर सजा पडते. अन् तू म्हणतो, माहाच होता. असं काहून करून राह्यला? म्हणजे मी असं म्हणत नाही की माहं नाव सांग. पण

जाऊ दे. वेळ झाली. ट्रक लागला.

जीवन


शारजा, २७ मार्च २०२४

भिया,

दोन पत्रं टाकले, एकाचं उत्तर नाही. ठीक हाय.

परवा होळी झाली. इथं आम्ही गोरमाटी, बंजारा पोरं अकराजण जमलो, एकानं डब्यावर ताल धरला. होळीची लेंगी म्हणाले सुरुवात केली तर दोन ओळीच्या पुढं कोणालेच येत नाही. सगळे माह्याकडे पाह्यतात, तुहा भाऊ लेंगीचा उस्ताद हाय न, म्हण बे. मले तुह्या आवाजातच आठवते, माह्या तोंडातून निघत नाही.

भाभीले फोन केला की भियानं कोणती लेंगी म्हटली या साली. ती म्हणे, "ते मागं बसले. नायकानं दोन डाव बलावलं, नाही उठले. पोट्टे म्हणतात न, स्मगलरकाका."

कोण पोट्टे? नाव सांग मले. इथून येऊन एकेकाले

काय करणार हाय मी येऊन.

याडी फोनवर आली होती. म्हणे, "बलिया कोर्टात लाखेचं सील लावून ठेवल्या हाय. तू चिंता नको करू, उत्तम आणते सोडवून. पोरीले म्हण, जरा थांब." तिनं केसचं काहीच नाही विचारलं. तिच्या मनात फक्त तेवढंच हाय, पोरगी थांबली पायजे.

जीवन


शारजा, १४ एप्रिल २०२४

भिया,

तुहं पत्र आलं. पाकिटावर आपल्या गावाकडच्या बोरी अरबचा शिक्का, अन् तुहं ते अक्षर, ज्यात प्रत्येक काना वाकलेला राहते. खोलीत पाच जण होते म्हणून संडासात जाऊन उघडलं. पूर्ण कागदावर एक ओळ.

'याडी विचारते, पोरीचं नाव काय.'

खाली सही नाही. वर माहं नाव नाही. मी कागद उलटा करून पाह्यला, उजेडात धरून पाह्यला, त्या साहेबानं बलिया पाह्यल्या असतील तसा.

मी लगेच लिहाले बसलो अन् लिहलं, उज्ज्वला. राळेगावकडची हाय. दवाखान्यात साफसफाईच्या कामाले हाय. वर खोडलेलं दिसते न तुले, ते हेच. कागद बदलत नाही. दिसू दे.

पोरगी नाही भिया. नव्हतीच.

आता सांगतो ते तू बसून वाच. याडीले आयकू येणार नाही असं वाच.

आमच्या कोल्ड स्टोरेजमधून एक सेठ माल नेते. त्याचं बाजारात जुन्या वस्तूचं दुकानही हाय, जुने कुलुपं, तलवारी, पितळेच्या बादल्या. एक दिवस गाडी भरताना माहा मोबाईल पेटीवर होता. पडद्यावर याडीचा फोटो, बा असतानाचा, जत्रेत काढलेला. सेठनं तो उचलला. म्हटलं, मेरी माँ है. पण त्यानं याडीच्या तोंडाकडे पाह्यलंच नाही. तिच्या दंडाकडे पाहून राह्यला होता, बोटानं फोटो मोठा करून करून.

"ये फोटो भेज मुझे."

दोन दिवसानं त्याचा मेसेज आला. हड्डी नहीं है ये, पुराना हाथीदांत है. मँगवा ले. तेरी खुद की गाडी हो जाएगी.

म्हणजे आपल्या अख्ख्या घरात त्या बलिया कशाच्या हाय हे एकट्या माणसाले माहीत होतं. जेलात पाठवलेल्या पत्रात मी विचारलं होतं न, कोणाले माहीत होतं? मले माहीत होतं.

बंदी हाय हेही माहीत होतं. सेठ म्हणे, पकडल्या गेलं तर लफडं हाय, आदमी भरोसे का चाहिए. मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, माहा भाऊच येऊन राह्यला. त्याच्या तोंडाकडे पाहून कोणी तपासत नाही. अन् तो शिवलेलं सामान उसवत नाही. जीव गेला तरी उसवत नाही.

वाचलं भिया? तुह्या त्याच गोष्टीच्या भरवशावर मी हे केलं, जिच्यासाठी जानेवारीतल्या पत्रात तुले बोल लावला. पणजोबाची, बाची, तुही. तू उसवून पाह्यली असती तर विचारलं असतं, हे कायले चाललं? तुही नोकरी मी पाह्यली ती खरी होती, खोटं नाही सांगत, पलंगही झाडला होता. पण तुहा विसा लवकर लागावा म्हणून मी जेवढी धावपळ केली, त्यातली अर्धी या गाठोडीसाठी होती. अर्धी का जास्त, आता मलेच वेगळं करता येत नाही.

अन् हे सारं कायले? घरी यायले. तू हासशील. रंगाचं काम सोडलं, गाड्या धुयाचं सोडलं, इथं आलो. कुठंच माहा जीव लागत नाही, तू म्हणतच होता याच्या पायाले भिंगरी हाय. पण पाच वर्षं झाले, आता ती भिंगरी एकाच दिशेनं फिरते. पेट्या उचलताना कधी कधी ओल्या पोत्याचा वास येते अन् मले वाटते तू मागं उभा हाय, आता म्हणशील, सरक, मी घेतो. पण रिकाम्या हातानं तांड्यात कसा शिरू? म्हटलं, एक पिकअप घेईन, दारव्ह्याच्या स्टँडवर लावीन, कापसाचे दिवस आले की तू अन् मी. दरवाजावर याडीचं नाव लिहणार होतो, रामीबाई. तिच्याच बलिया विकून.

तू पकडल्या गेला त्याच दिवशी सेठचा मेसेज आला, सब मिटा दे. त्यानं नंबरही बदलला. मी मिटवाले बसलो. पण त्या मेसेजाच्या मधात याडीचा फोटो हाय, मी त्याले पाठवलेला. बोट तिथंपर्यंत गेलं की पुढं जात नव्हतं. म्हणून सारंच राह्यलं. त्याचा आवाज भरलेले मेसेज हाय, माहे उत्तर हाय, तारखा हाय. त्यात तुहं नाव एकाच ठिकाणी येते, जिथं मी म्हणतो, त्याले काही माहीत नाही.

सहा महिने हा मोबाईल माह्या उशाखाली हाय अन् तू नागपूरच्या तारखा करून राह्यला.

तुले हे आधीच समजलं होतं काय? पोरगी नाही हे? म्हणून तर तू एकच ओळ लिहली काय? याडीचा प्रश्न होता का तुहा?

जीवन


शारजा, २ मे २०२४

भिया,

हे पत्र पाकिटात नाही, कापडात येईल. माह्या जुन्या सदऱ्याचा तुकडा हाय, शिवण माह्या हातची. गोणीच्या सुताची अन् मोठ्या सुईची. वाकडी झाली. एक टाका तर बोटातूनच गेला, तो डाग दिसेल, घाबरू नको. वर तुहं नाव लिहलं हाय.

पियुष बहिणीच्या लग्नाले उद्या निघून राह्यला, तोच तुह्या हातात देईल. मागचं पत्रही याच्यातच हाय, अठरा दिवस टाकायची हिंमत झाली नाही. शिवायच्या आधी त्याले दोन्ही पत्रं वाचून दाखवले. खाटेवर बसून आयकलं त्यानं. तो त्या दिवशी तुह्या मागंच उभा होता न रांगेत. उठला अन् म्हणे, "तुले एक लाथ घालाची इच्छा हाय, पण ती तुह्या भावाची हाय. त्याच्यासाठी ठेवतो."

मंग विचारलं, "कस्टमनं धरलं तर? 'शिवण उसवत नाही' म्हणू काय मीही?"

म्हटलं, "नाही. काय हाय ते सांग, कोणी देल्लं ते सांग, कोणाले द्यायचं ते सांग. तरी म्हणले खोल, तर खोल. वाचून दाखव म्हणले तर वाचून दाखव."

"अन् उत्तमभियाले उसवलेली गाठोडी चालते?"

हे मी तुलेच विचारतो. मधातल्याले सगळं सांगून मंग शिवलेली गाठोडी अन् मधातल्याले अंधारात ठेवून शिवलेली गाठोडी, या दोन एकच काय? पणजोबाच्या बैलावर मीठ होतं हे बैल हाकणाऱ्याले माहीत तर होतं. तुले कोणी नव्हतं सांगतलं. शिवण न उसवण्यात तुही चूक नव्हती भिया. शिवणाऱ्या याडीचीही नव्हती. जो मांगणारा होता त्यानंच आत काय हाय ते लपवलं.

नोकरी सोडली. मी सोमवारी निघतो, सहा तारखेले. नागपूरले उतरून घरी येणार नाही. तुह्या वकिलाचा नंबर भाभीकडून घेतला, कायले पायजे ते तिले सांगतलं नाही. वकिलाले सारं सांगतलं. तो म्हणे, "विचार करून ये, तुला आत टाकतील." म्हटलं, विचार करण्यातच तर सहा महिने गेले. विमानतळावरून त्याच्यासंग सरळ कस्टमच्या ऑफिसात जातो अन् मोबाईल त्यायच्या टेबलावर ठेवतो. याडीचा फोटो आधी कागदावर काढून घेतला, खिशात ठेवतो. तुह्यावरची केस यानं लगेच मिटते असं वकील म्हणत नाही. पण माल कोणासाठी चालला होता हे मंग तुले कोणी विचारणार नाही.

बलिया आता परत भेटत नाही म्हणते, सरकारजमा होतात. याडीले हे सांगू नको. पोरगी नाही हेही सांगू नको. दोन्ही मी माह्या तोंडानं सांगतो, सोडतील तेव्हा. तोपर्यंत तिनं विचारलं, नाव काय, तर म्हण जीवनलेच विचार, तो येऊन राह्यला. एवढं खरं हाय.

तुही पुढची तारीख चौदा मे हाय, भाभी म्हणे. मीही त्या दिवशी कोर्टात असीन. कोणत्या दरवाजातून आणतील, संग कोण असेल, मले मान वर करता येईल का नाही, काही माहीत नाही. गर्दी राहील. तुले मले पाहायचं नसेल तर पाहू नको, पाठ करून बस. बोलला नाही तरी चालते.

नुसता एक डाव खाकर. मी ओळखतो.

तुहा
जीवन